गोठवा, तुडवा, वाळवा : इंकांची कोठारं

(दृश्य : पहाट. पठारावर पसरलेले बटाटे, त्यांवर हिमकण.)

जून महिना. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हा ऐन हिवाळा. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या या पठारांवर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, रात्री पाणी गोठतं आणि दिवसा ऊन कातडी भाजून काढतं. आपल्याकडे वाळवणाला कडक ऊन मिळालं की झालं. इथल्या वाळवणाला मात्र आधी कडाक्याची थंडी लागते.

छोटे, बरेचदा कडू जातीचे बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते दगडासारखे गोठतात. सकाळी उन्हानं मऊ पडले की ढीग करून अनवाणी पायांनी तुडवायचे. पाणी निथळतं, सालं सुटतात. काही दिवस हेच चक्र, मग खडखडीत वाळवण. हा झाला चुन्यो : काळपट, हलका, वर्षानुवर्षं टिकणारा. वाहत्या पाण्यात बरेच दिवस भिजवून केलेला पांढरा प्रकार म्हणजे तुंता. तो खरोखरच चुन्याच्या खड्यासारखा दिसतो. लामा या उंटाच्या कुळातल्या लोकरी प्राण्याचं मांसही असंच सुकवायचे. त्याला इंकांच्या क्वेचुआ भाषेत म्हणतात चार्की. इंग्रजीतला ‘जर्की’ शब्द तिथूनच आला.

चुन्यो काही इंकांनी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी अँडीजवर राज्य करणाऱ्यांनी, शोधला नाही, तो त्यांच्या कितीतरी आधीचा. इंकांची करामत दिसते ती साठवणीत.

(दृश्य : डोंगरउतारावर कोठारांच्या रांगा.)

ही कोल्का, म्हणजे दगडी कोठारं. मुद्दाम उतारावर बांधलेली, वारा खेळता राहावा आणि पावसाचं पाणी थांबू नये म्हणून. पेरूतल्या हुआनुको पाम्पा इथं अशी जवळजवळ पाचशे कोठारं एका टेकडीवर आहेत. गोल कोठारांत मका, मोठ्या मडक्यांत भरलेला. चौकोनी कोठारांत बटाटे, गवताच्या थरांत बांधून ठेवलेले. आज बोलिव्हियात असलेल्या कोचाबांबा खोऱ्यात, कोतापाची इथं, तर सुमारे 2,400 कोठारं होती. इंका राजा हुआयना कापाकनं तिथं मक्याची सरकारी शेती उभी केली होती.

एवढं धान्य यायचं कुठून? इंका राज्यात नाणं नव्हतं, कर द्यायचा तो अंगमेहनतीनं. प्रजा सरकारी जमिनी कसायची आणि पीक कोठारात जायचं. तिथून ते सैन्याला, रस्ते बांधणाऱ्यांना, सणांच्या मेजवान्यांना, आणि दुष्काळ पडला तर गावांना मिळायचं. हिशेब असायचा दोऱ्यांच्या गाठींत. या दोऱ्यांना म्हणतात किपू, आणि ते वाचणारा किपूकामायोक. कारकूनच म्हणा, फक्त त्याच्या वहीला पानं नव्हती.

1532 मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोनं इंका राजा अताहुआल्पाला कैद केलं. राज्य कोसळलं, पण कोठारं भरलेलीच होती. पंधरा वर्षांनंतरही, 1547 साली, पेद्रो दे ला गास्काचं स्पॅनिश सैन्य पेरूतल्या हाउहा खोऱ्यात मुक्काम ठोकून तिथल्या साठ्यावर जेवलं. पुढे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत मजुरांना चुन्यो विकून कित्येक स्पॅनिश व्यापारी श्रीमंत झाले.

(दृश्य : किपूचा जवळून घेतलेला शॉट. एक गाठ, दुसरी गाठ.)

हाउहा खोऱ्यातल्या हुआंका लोकांनी इंकांविरुद्ध स्पॅनिशांना साथ दिली होती. 1561 साली त्यांचे सरदार लिमाच्या स्पॅनिश न्यायालयात गेले. सोबत किपू होते. पिझारो आल्यापासून किती मका, किती बटाटे, किती लामा दिले, ते गाठींवरून त्यांनी सांगितलं. सैनिकांनी लुटून नेलेल्या मालाची मोजदादही त्या दोऱ्यांत होती.