फिट एक नाही, म्हणून गोळीही एक नाही

श्रोतेहो, नमस्कार.

फिट म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो धाडकन कोसळलेला, दातखिळी बसलेला, हातपाय झाडणारा माणूस. पण मूल वाचता वाचता थांबतं, दहा-पंधरा सेकंद नजर शून्यात लागते, पापण्या फडफडतात आणि जणू काही झालंच नाही असं वाचन पुढे सुरू होतं, ही फिटच. घरच्यांना वाटतं, याचं लक्षच नसतं. मुलाला उगाच बोलणी बसतात. त्या क्षणी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारी तपासणी, चालू असेल, तर सेकंदाला साधारण तीन या ठेक्यात टोकदार लाटा मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम उमटलेल्या दिसतात. एका कोपऱ्यातून नव्हे, तर दोन्ही अर्ध्या भागांत जवळजवळ एकाच वेळी सुरू होतो, तो सार्वत्रिक अपस्मार.

मेंदूत ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींना चेतवतं, गाबा नावाचं रसायन त्यांना आवरतं. मग गाबाचा जोर वाढवला की झालं! 1912 पासून वापरात असलेलं फिनोबार्बिटल हे औषध हेच करतं. गुंगी आणतं, पण मोठ्या फिटा रोखतं.

त्या शून्यात पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटतो. टायगाबिन, व्हिगाबॅट्रिन ही गाबा वाढवणारी औषधं त्याच्या फिटा वाढवू शकतात. याचं कारण मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमसमध्ये आहे. तिथल्या पेशींना टी-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियम आत घेणारे दरवाजे, असतात आणि पेशी खोल शांत झाल्याशिवाय ते पुन्हा उघडण्याजोगे होत नाहीत. गाबाने पेशीला दाबलं, तिथेच पुढच्या उसळीची तयारी झाली. दाब सरताच कॅल्शियम आत शिरतं, पेशी संदेशांची सरबत्ती करते, ती मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचते, तिथून परत फिरते. पुन्हा दाब, पुन्हा उसळी. इथोसक्सिमाइड हे औषध नेमके हेच चॅनेल अडवतं. पण कोसळवणाऱ्या मोठ्या फिटेवर त्याचा भरवसा नाही.

दुसरी गफलत किशोरवयात होते. सकाळी उठल्यावर हाताला हिसका बसतो, कंगवा उडून पडतो. जागरण झालं की जास्तच. हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण ते आजारपण वाटतच नाही. सांगितली जाते फक्त मोठी फिट. त्यावर कार्बामाझेपिन हे औषध सुरू झालं, तर हिसके वाढू शकतात. म्हणून माझ्या मते औषधाच्या नावाआधी डॉक्टरांनी सकाळची हकिकत विचारावी, आणि नाही विचारली तर आपण सांगावी. मोबाइलवरचं चित्रीकरण तर फारच उपयोगी.

अनेक वाटांनी काम करणारं व्हॅल्प्रोएट या सगळ्या प्रकारांवर चालतं. ते 1882 मध्ये तयार झालं आणि पुढे नुसतं विद्रावक म्हणून वापरात राहिलं. 1962 मध्ये फ्रान्समध्ये संशोधकांच्या लक्षात आलं, की त्यात विरघळवलेलं जवळपास प्रत्येक रसायन प्राण्यांमधल्या फिटा थांबवतंय. गुण विद्रावकाचाच होता!

पण गर्भावस्थेत तेच औषध बाळाच्या पाठीच्या कण्याला आणि बुद्धीच्या वाढीला धोका पोचवू शकतं. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुली-स्त्रियांसाठी आधी लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिनचा विचार होतो. व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. गोळ्या परस्पर बंद करू नका. एकदम थांबवल्यास लागोपाठ फिटा येऊ शकतात. आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर थेट रुग्णालय गाठा.

नमस्कार.