आजी ओरडली ती जागा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीचे दिवस होते, साल १९८९. मिरजेला आमच्या वाड्यात त्या रात्री वर्गणी काढून भाड्याचा व्हीसीआर आणला होता. सोबत रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट, दोन हिंदी आणि एक इंग्रजी. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे, सामान सकाळी परत द्यायचं असायचं, त्यामुळे झोपायचं कुणीच नाही. चौकात सतरंज्या घातलेल्या, पुढे आम्ही पोरं, मागे बायका, जोत्यावर पुरुष मंडळी. माझी आजी मात्र आम्हा पोरांत, अगदी पुढे. तिला लांबचं दिसत नसे.

इंग्रजी सिनेमा लागला तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. सिनेमा होता 'ई. टी.', स्टीव्हन स्पीलबर्गचा, १९८२ सालचा; पृथ्वीवर मागे राहिलेल्या परग्रहावरच्या एका जिवाची गोष्ट. कॅसेट इतकी घासलेली की चित्रापेक्षा मुंग्याच जास्त. आजीला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण पहिल्या दहा मिनिटांत तिनं ठरवून टाकलं, की हे कुणाचं तरी चुकलेलं लेकरू आहे आणि त्याला घरी जायचंय. अख्खा सिनेमा तिनं त्या एवढ्याशा धाग्यावर पाहिला. आणि खरं सांगते, सिनेमात आहेही तेवढंच.

शेवटी शेवटी पोरं सायकलींवरून सुसाट सुटतात. एका पोराच्या सायकलीच्या टोपलीत ते लेकरू, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. समोर रस्ता अडवून पोलिसांच्या गाड्या. माणसांच्या हातात बंदुका. एक बंदूक तर अगदी पडदाभर. आजीनं माझं मनगट असं धरलं की तिच्या पाटल्या माझ्या हातात रुतल्या, आणि ती मोठ्यानं ओरडली, "अरे मेल्यांनो, पोरांवर बंदुका?"

आणि त्याच क्षणी सायकली जमिनीवरून उचलल्या गेल्या. आख्खा वाडा एकदम "हो!" म्हणाला. आजीनं माझा हात सोडला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "सुटली गं बाई." मनगटावरचा वळ मला दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळेपर्यंत दिसत होता.

पुढे २००२ साली, सिनेमाला वीस वर्षं झाली म्हणून, स्पीलबर्गनं त्यात फेरफार केले. त्या नव्या आवृत्तीची डीव्हीडी मी माझ्या भाचीसाठी आणली. आजी तेव्हा नव्हती. भाचीला जवळ घेऊन बसले होते आणि ती जागा कधी येते याची वाट बघत होते. जागा आली. बंदुका नाहीत! त्या माणसांच्या हातात वॉकीटॉकी. बंदुका संगणकावर पुसून त्यांच्या जागी वॉकीटॉकी बसवल्या होत्या. सायकली उडाल्या, तशाच सुंदर उडाल्या. भाची म्हणाली, "मावशी, ते नुसते बोलतायत ना? मग ही मुलं एवढी घाबरली का?"

काय सांगणार तिला? भीती काढून घेतली, मग सुटकाही गेली. पुन्हा सांगते, भीती काढून घेतली की सुटकाही जाते.

स्पीलबर्गचा हेतू वाईट नव्हता. मुलांसमोर बंदुका रोखलेल्या त्याला आता बघवत नव्हत्या. पण पुढे त्यानंच जाहीरपणे कबूल केलं की ते करायला नको होतं, सिनेमा ज्या काळात झाला त्या काळाची खूण त्यात राहू द्यायला हवी. २०१२ साली नवी प्रत निघाली ती बंदुकांसकट. चूक उघडपणे मान्य करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

उलट जॉर्ज लुकास बघा. १९८८ साली त्यानं अमेरिकी संसदेपुढे साक्ष दिली. कृष्णधवल सिनेमे रंगवायची तेव्हा लाट होती, तिच्याविरुद्ध तो बोलला. जुन्या कलाकृती हा लोकांचा वारसा आहे, असं त्याचं म्हणणं. आणि १९९७ साली त्यानं आपल्याच 'स्टार वॉर्स'मध्ये नवे प्राणी घातले, एका चकमकीत कुणी आधी गोळी झाडली तेही बदललं, आणि मूळ सिनेमा दाखवणंच जवळजवळ बंद केलं. शेवटी तिकडच्या हौशी प्रेक्षकांनी १९७७ सालची जुनी रिळं शोधून, ती स्वच्छ करून, मूळ सिनेमा जपला.

स्वच्छ करणं वेगळं, बदलणं वेगळं. रफू जरूर करावं, पदर बदलू नये. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या देवळांना जो ऑइल पेंट फासतात ना, निळा, पिवळा, गुलाबी, तो पाहून माझ्या पोटात तसंच तुटतं. दगड श्वास घेतो हो! त्यावर रंग कशाला? असो.

आता कुणी म्हणेल, 'शोले'चं काय? १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला. ठाकूरच्या हातून गब्बर मरतो हा मूळ शेवट कापला गेला आणि पोलीस मध्ये आले. २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात तो मूळ शेवट पुन्हा जोडून दाखवला. रिडली स्कॉटच्या 'ब्लेड रनर'वरही असंच निवेदन आणि गोड शेवट निर्मात्यांनी लादला होता, तो त्यानं पुढे काढला. ही माझ्या लेखी दुरुस्ती नाही, हिरावलेलं परत घेणं आहे. आणि २००७ साली स्कॉटची शेवटची आवृत्ती आली तेव्हा जुन्या आवृत्त्याही त्याच संचात दिल्या गेल्या. ज्याला जी हवी ती बघा. माझं मागणं एवढंच आहे, श्रोतेहो. नवं जरूर करा, जुनं कपाटात कुलूपबंद करू नका. दिग्दर्शकाचा सिनेमा आहे, मान्य. पण त्या रात्री तो माझ्या आजीचाही झाला होता.

भाचीला मी पुढे बंदुकांसकटची प्रत दाखवली. तोवर ती कॉलेजात होती. त्या जागेला तिनं काही म्हटलं नाही, फक्त माझा हात धरला.

तुमच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर रद्दीत देऊ नका. पावसाळा संपला की एकदा उघडून बघा, बुरशी धरते. आणि त्यातली कुणी कधी पाहिली होती, ते वरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.

नमस्कार.