गाठीचे शेजारी

काचपट्टीवर तोंडाच्या कॅन्सरचा एक पातळ काप आहे, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवलेला. सूक्ष्मदर्शकातून बघा. वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्रकांचे हे पुंजके कॅन्सरच्या पेशींचे. त्यांच्याभोवती गुलाबी धाग्यांचं दाट जाळं. आणि जाळ्याच्या कडेकडेने मोहरीसारखे बारीक, गर्द ठिपके. हे लिम्फोसाइट, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. यांच्यातल्याच टी पेशी बिघडलेल्या पेशीला ओळखून मारतात.

म्हणजे पहारेकरी दारापर्यंत पोचलेत. मग गाठ वाढते कशी?

आधी ते धागे बघू. ते विणतात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. जखम सांधणं हे यांचं नेहमीचं काम. गाठ त्यांना थांबूच देत नाही. १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला कधीच न भरणारी जखम म्हटलं, ते उगीच नाही. टी पेशी त्या दाट विणीत अडकतात. मेलेल्या पेशी गिळणारे मॅक्रोफेजही फितूर होतात आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात.

सुपारी-गुटखा खाणाऱ्यांच्या गालात हे विणकाम कॅन्सरच्याही आधी सुरू होतं. आधी तिखटाने आग होते. मग तोंड उघडेनासं होतं, इतकं की दोन बोटंही आत जात नाहीत. अशा माणसाने तपासणीसाठी एक दिवसही थांबू नये.

काही टी पेशी तरीही गाठीला जाऊन भिडतात. पण त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. त्यांनी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नये म्हणून शरीरानेच दिलेला. गाठ नेमका तोच दाबते. हा ब्रेक शोधणारे तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, जेम्स ॲलिसन यांच्यासोबत. निवोलुमॅब हे औषध गाठीला हातही लावत नाही. ते फक्त ब्रेक झाकून ठेवतं.

पण किंमत? आपल्याकडच्या बहुतेक घरांना ती झेपत नाही. मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी म्हणून उलटा विचार केला: ब्रेक झाकायला औषध लागतं तरी किती? नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांना फक्त २० दिला, कॅन्सरवरच्या गोळ्यांच्या जोडीला. डोकं आणि मानेच्या भागातला कॅन्सर हाताबाहेर गेलेले १५१ रुग्ण या चाचणीत होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरातले साधारण १६ जण हयात होते. त्या २० मिलिग्रॅमची जोड मिळाली, तेव्हा ४३.