पात्याला धार लावण्याआधी

(कापलेल्या गवताचं रान. कॅमेरा जमिनीलगत.)

यंत्राला पाना लावण्याआधी इथे खाली बघा. मोवर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेलं, पुढेमागे धावणाऱ्या पात्यांनी गवत कापणारं यंत्र, पुढे निघून गेलं, की मागे उरलेली खुंटं त्याचं दुखणं सांगतात. सगळी कापणी सारखी, पण यंत्र गेलं त्याच दिशेनं उभ्या गवताची एक बारीक रेघ राहिली असेल, तर त्या जागचं पातं तुटलंय किंवा पातं ज्याच्या खाचेतून धावतं तो बोटासारखा गार्ड वाकलाय. रेघ नाही, पण सगळंच गवत चावल्यासारखं, शेंडे पिंजलेले असतील, तर अख्ख्या कटर बारची, म्हणजे पाती आणि गार्ड बसवलेल्या आडव्या दांड्याची, जुळणी गेलीय.

आणि नेमकं इथेच माणूस कानस घेऊन बसतो. मीही बसलो होतो. पाती चकाकेपर्यंत घासली, पुन्हा रानात गेलो, तर गवत तसंच चावलेलं. कारण ही कात्री आहे. वर तिकोनी पातं, खाली गार्डमध्ये बसवलेली लेजर प्लेट. तिची कड गोल झाली, तर वरच्या पात्याला कितीही धार लावा, गवत दोघांच्या मधे नुसतं दुमडतं. ऑबेड हसी यांनी 1833 साली अमेरिकेत कापणी यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात खाच असलेले गार्ड आणि त्यांतून धावणारी पाती होतीच. जुन्या मोवरचं कापणं आजही त्याच रीतीनं चालतं.

(ट्रॅक्टर बंद. चावी काढली जाते.)

आता हात घालायचा, पण इंजिन बंद करून, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) सोडवून आणि चावी खिशात टाकूनच. फ्लायव्हील, म्हणजे पाती चालवणारं जड चाक, हातानं जरा फिरलं, तरी सगळी पाती एकदम सरकतात. तिथे बोट नको.

पिटमन, म्हणजे फ्लायव्हीलपासून पात्यांच्या पट्टीपर्यंतचा जोडदांडा, सोडवा आणि पात्यांची पट्टी हातानं ओढून पाहा. अडखळत असेल, तर गार्ड एका रेषेत नाहीत. बारच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, की वर उठलेला किंवा खाली झुकलेला गार्ड लगेच कळतो. वरून पाती दाबून धरणाऱ्या क्लिपाही बघा. क्लिप आणि पातं यांच्यात जाडसर कागदाएवढी फट बास. जास्त असेल, तर पातं उचलतं आणि गवत आत घुसतं. क्लिप ठोकताना मात्र खालची पट्टी आधी बाहेर काढा.

(जवळून : पातं आणि गार्ड.)

ही जागा नीट बघा. पिटमन पुन्हा जोडलाय. फ्लायव्हील हळूहळू फिरवत पट्टी धावेच्या शेवटाला आणली. पात्याचा मध्य गार्डच्या मध्यावर यायला हवा. दुसऱ्या टोकालाही तसाच. इथे तो एका बाजूला पुढे जातो, दुसरीकडे कमी पडतो. याला रजिस्टर चुकणं म्हणतात. त्यामुळे अर्ध्या धावेत कापणी अपुरी राहते आणि यंत्र उगाच ओढ घेतं.

त्याचा सोबती म्हणजे लीड. कापताना गवत बारचं बाहेरचं टोक मागे रेटतं, म्हणून यंत्र थांबलेलं असताना ते टोक मुद्दाम पुढे ठेवतात, साधारण मीटरमागे 20 मिलिमीटर. बिजागरीच्या पिना आणि बुश झिजले, की हा पुढावा जातो. मग पिटमन आणि पट्टी एका रेषेत राहत नाहीत, आणि पिटमन जिथे जोडतात ते पट्टीचं डोकं पुन्हा पुन्हा तुटतं. तुटलेलं डोकं नवं आणून बसवणारे खूप. बाहेरचं टोक धरून पुढेमागे हलवून पाहणारे कमी. त्या हलण्यातच झीज सापडते.

तुटलेलं पातं बदलणं त्या मानानं सोपं. व्हाइसच्या उघड्या जबड्यांवर पट्टी टेकवायची, पातं मधे लोंबतं ठेवायचं आणि त्याच्या मागच्या कडेवर हातोड्याचा एक नेमका घाव घालायचा. रिव्हेट कापले जातात. नवे रिव्हेट बसवताना घाई नको. ढिला रिव्हेट पात्याला डुलायला लावतो.

लाकडी पिटमनला चीर दिसली, तर तार गुंडाळून भागवू नका, बदला. खडा अडकला, की दणका तोच सोसतो, आणि तो तुटला तर पट्टी वाचते.

(इंजिन सुरू. पाती संथ धावू लागतात.)

आधी रिकामाच चालवा, कमी वेगात. खडखड विरून सलग सळसळ ऐकू आली, की पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर न्या. एक चक्कर कापून थांबा, इंजिन पुन्हा बंद करा आणि बेअरिंगला हात लावा. कोमट ठीक. चटका बसला, तर तिथे अजून काम आहे.

मग मागे वळा, आणि खुंटं बघा.