लांडग्याच्या मागे निघालेली पोरं: हिरपिनी हे नाव आलं कुठून?

इटलीतल्या नेपल्सहून पूर्वेकडे डोंगरात शिरलं की अवेलिनो लागतं. या मुलखाला आजही इर्पिनिया म्हणतात आणि इथल्या फुटबॉल टीमचं टोपणनाव आहे 'लांडगे'. ही काही हल्लीची फॅशन नाही बरं का. रोमने हा भाग गिळायच्या आधी इथे हिरपिनी लोक राहायचे, सॅमनाइट लोकांची एक शाखा, भाषा ऑस्कन, आणि त्यांच्यात लांडग्याला म्हणायचे हिरपुस.

आता लांडगाच का? स्ट्राबो नावाचा ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी सॅमनाइटांची गोष्ट सांगून गेलाय. त्यांचे पूर्वज म्हणजे सॅबाइन लोक, त्यांचं शेजारच्या उंब्रियन लोकांशी युद्ध चाललेलं, तेव्हा त्यांनी नवस बोलला की यंदा जे काही जन्माला येईल ते देवाचं. जिंकले, गुरं-मेंढरं दिली, पीक वाहिलं, तरी पुढे दुष्काळ पडला, मग कोणीतरी म्हणालं अरे पोरंही त्याच वर्षी झालीत ना, ती कुठे दिली? झालं, पोरं मार्स या देवाच्या नावाने सोडली, मारली नाहीत, पण मोठी झाल्यावर गावाबाहेर काढली, जा आणि नवीन जागा शोधा. सॅमनाइटांपुढे बैल चालला, हिरपिनींपुढे लांडगा आणि अशाच निघालेल्या पिकेंटी लोकांपुढे सुतारपक्षी, जो आज इटलीतल्या मार्के प्रांताच्या झेंड्यावर बसलाय.

लांडगा खरंच पुढे चालला असेल का? मला तरी वाटतं नाव आधी आणि गोष्ट मागून जुळवलेली. पण पोरं बाहेर काढणं मात्र पटतं, डोंगरातली जमीन तेवढीच आणि खाणारी तोंडं वाढत जाणार, मग देवाचं नाव पुढे केलं की आईबापांनाही बोलता येत नाही. रोमनेही इ.स.पू. २१७ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबलकडून मार खाल्ल्यावर असाच नवस केला, फक्त त्यात जनावरंच ठेवली, हुशार!

आणि गंमत बघा, इ.स.पू. ९० च्या सुमारास इटलीतली दोस्त राज्यं रोमवर उलटली, हिरपिनीही त्यात होते, तेव्हा बंडवाल्यांनी नाणं पाडलं त्यावर बैल लांडग्याला शिंगाने भोसकतोय. बैल म्हणजे बंडवाले, लांडगा म्हणजे रोम! लांडग्याच्या नावाच्या लोकांना त्या नाण्याबद्दल काय वाटलं असेल देव जाणे. पुढच्याच वर्षी रोमचा सेनापती सुल्ला त्यांच्या एक्लानुमवर आला, गावाने विचार करायला वेळ मागितला, त्याने एक तास दिला आणि तेवढ्यात लाकडी तटाला काटक्या रचून घेतल्या. तास संपला, आग लावली, गाव शरण आलं तरी लुटलंच, आणि मग बाकीचे हिरपिनीही नमले.

नाव तेवढं राहिलं. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये इथे मोठा भूकंप झाला, तोही इतिहासात इर्पिनियाचा भूकंप म्हणूनच नोंदवला गेला.