पंचवीस मिलिमीटर

[दृश्य: पहाटेचं वारजे, पुणे. गॅरेजचं अर्धं शटर वर. टेप धरलेले हात.]

चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप धरायचा आणि आकडा खडूने टायरवर लिहायचा. असं चारही चाकांना. गॅरेजवाले मामा कुठल्याही कामाची सुरुवात अशीच करतात, आणि तेवढ्या वेळात कोणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही.

गाडी फोक्सवॅगन पोलो, जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, आणि जन्म आपल्या चाकणचा. २०२२मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं. तेव्हापासून ज्याच्याकडे आहे तो ती विकत नाही, तिच्यावर खर्च करत बसतो. मीही त्यातलाच.

इथल्या रस्त्यांसाठी म्हणून युरोपियन गाड्या बऱ्याचदा थोड्या उंच करून विकतात. त्यामुळे टायर आणि फेंडर यांच्यामध्ये आरामात हात जातो. ती फट मला तीन वर्षं खुपत होती, म्हणून गाडी खाली बसवून घ्यायची ठरवलं. खरं सांगायचं तर सुरुवात दिसण्यापासून झाली, हँडलिंगबिंडलिंग मागाहून सुचलं.

मामांनी विचारलं, "किती खाली पाहिजे?"

"चाळीस मिलिमीटर."

"राहता कुठं?"

"बावधनला."

"सोसायटीत गतिरोधक किती?"

मला सांगता येईना. "मग आधी मोजून या," म्हणाले, आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

मोजले. सहा निघाले, शिवाय तळघरातल्या पार्किंगचा उतार वेगळा. दुसऱ्या खेपेला आकडा पंचवीसवर आला.

गाडी खाली बसवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकणं. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, उंचीही कमी होते, खर्च जवळपास शून्य. पण जॅक लावल्यावर किंवा मोठ्या उसळीत चाक खाली लोंबलं, की कापलेली स्प्रिंग बैठकीत सैल पडते, जागा सोडू शकते. काही जण गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. त्यात तर पोलादाचं पाणीच उतरतं. मामा ही दोन्ही कामं करत नाहीत. गिऱ्हाईक परत गेलं तरी.

[दृश्य: घोडीवर उभी गाडी. चाक काढलेलं. खोलून बाहेर घेतलेला स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी.]

स्प्रिंग गाडी पेलते आणि शॉकअप स्प्रिंगला आवरतो. नवी कडक स्प्रिंग जुन्या, थकलेल्या शॉकअपवर चढवली तर तो तिला आवरू शकत नाही, एका खड्ड्याचे तीन झोके बसतात. म्हणून दोन्ही एकमेकांना जुळणारे घ्यायचे. कॉइलओव्हरचाही विचार केला होता. त्याच्या अंगावर आटे असतात, किल्ली फिरवून उंची कमी-जास्त करता येते. पण पुण्याचा पावसाळा त्या आट्यांत चिखल भरून ठेवतो. आणि मला माझा स्वभाव माहीत आहे, दर रविवारी किल्ली घेऊन बसलो असतो.

गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण पंचावन्न सेंटिमीटरवर धरू. पंचवीस मिलिमीटर उतरवल्याने वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार शंभरात चार-पाचच्या आसपास कमी होतो. एवढंच. वळणात गाडी निवांत वाटते ती मुख्यतः नव्या स्प्रिंग आणि शॉकअपमुळे, श्रेय मात्र उंची घेऊन जाते.

आणि फार खाली नेलं तर उलटंच होतं. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, चाकाकडे जाताना किंचित उतरता असतो. गाडी उतरवली की तो आडवा होतो, आणखी उतरवली की चाकाकडे चढायला लागतो. वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू मग गुरुत्वमध्यापेक्षा जास्त भराभर खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलायला लांब पहार मिळते. दिसायला रेसची गाडी, वळणात मात्र होडी.

स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये आवळलेली असताना तिच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. मामांनी मला कॅमेऱ्यासकट दाराबाहेर काढलं.

शेवटचं काम पाहण्यासारखं होतं. लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट त्यांनी आधी नुसते हाताने बसवले, चाकांवर गाडीचं पूर्ण वजन येऊ दिलं, मगच टॉर्क रेंच लावला. चाक लोंबतं असताना बोल्ट आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या गॅरेजमध्ये हमखास चुकतं ते हेच. मग अलाइनमेंट. गाडी उतरली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) दोन्ही हलतात, तपासलं नाही तर टायर आतल्या कडेने झिजतो.

कायद्याचं बोलायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला आधी लेखी कळवलेलं बरं. इथून जवळच, वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयमध्ये (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) गाड्यांच्या चाचण्या होतात. आणि खाली आम्ही पाने घेऊन.

[दृश्य: ताम्हिणी घाट. सकाळ.]

निघताना मामांनी पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर, रबरी आवरण वर सरकवून, एक केबल टाय अडकवली. शॉकअप दबला की टाय वर सरकते आणि तिथेच राहते. बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या रबरापर्यंत, किती जागा उरली, ते नंतर टॉर्चने पाहायचं. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी उतरून आलो. टाय बंप स्टॉपपासून दोन बोटं खाली होती.

सोसायटीच्या गेटपाशी टाय पुन्हा खाली ओढली आणि सावकाश आत गेलो. पार्किंगमध्ये टॉर्च मारला. टाय बंप स्टॉपला जाऊन चिकटलेली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत जेमतेम अडीच मीटर, म्हणजे चारही चाकं एकाच वेळी त्याच्या पाठीवर मावतात आणि पोटाखाली साडेचार सेंटिमीटर जागा असली तरी पुरते. आमच्या आत यायच्या गेटवर आहे तो हातभर रुंदीचा सिमेंटचा उंचवटा. त्याची सगळी उंची पोटाखाली येते. बाहेर जायच्या गेटवरचा मात्र रुंद आहे.

हल्ली रात्री उशिरा आलो की वॉचमन काका न विचारता बाहेर जायचं गेट उघडतात.