आवक एक, वह्या चार: सामायिक डेटा मॉडेल कसं बांधावं

लातूर भागातली एखादी शेतकरी उत्पादक कंपनी डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची गाडी आली, काट्यावर वजन झालं, नमुना तपासला, माल गोदामात उतरला, अकाउंटंटने पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब, केली. चार माणसं, चार फाइली. संध्याकाळी ताळा लागत नाही, कारण काट्यावर किलो, गोदामात कट्टे आणि हिशेबात क्विंटल.

यावर बहुतेक जण साठ रकान्यांचा एकच तक्ता करतात. तो करू नका. प्रत्येकाला त्यातले दहाच लागतात. बाकीच्यांत लोक शून्य टाकून मोकळे होतात. मग खरा शून्य कुठला आणि कंटाळ्याचा कुठला, ते कळत नाही. डेटा मॉडेल म्हणजे नोंदी कशा ठेवायच्या आणि कशा जोडायच्या याचा आराखडा. त्यात सामायिक ठेवायचा तो फक्त गाभा: शेतकरी, आवक, आणि त्या आवकेवर घडलेल्या घटना (वजन, तपासणी वगैरे). बाकीचं ज्या त्या विभागाने आपल्याकडे ठेवावं आणि आवकेच्या ओळख क्रमांकाने जोडावं.

तो क्रमांक नावावरून कधीच बनवायचा नाही. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. ज्यांनी नावच किल्ली, म्हणजे नोंद ओळखायची खूण, म्हणून वापरलं, त्यांच्याकडे एकाचे दोन जिल्हे झाले. २०११ च्या जनगणनेतला ५२५ हा संकेतांक ज्यांनी धरला, त्यांना फक्त नावाचा रकाना बदलावा लागला. आवकेसाठी १२८ बिटांचा यूयूआयडी घ्या, म्हणजे संगणकाने तयार केलेला, दुसऱ्याशी जुळण्याची शक्यता जवळपास नसलेला लांबलचक क्रमांक. रेंज नसली तरी टॅबलेट सर्व्हरला न विचारता तो तयार करतो. सातव्या प्रकारच्या यूयूआयडीत सुरुवातीला वेळ असते, त्यामुळे नोंदी साधारण क्रमाने लागतात. छापील पावती क्रमांक वेगळा ठेवा. तो माणसांसाठी आहे.

वजनाच्या घटनेत भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहायचं; निव्वळ वजन त्यातून काढायचं. वजन ग्रॅममध्ये, रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांक. संगणकाच्या बायनरी अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, आणि पट्टीतला एक रुपया शेतकरी बरोबर पकडतो. पकडायलाच हवा.

तपासणीच्या नोंदीत मात्र मॉडेलची खरी परीक्षा होते. हमीभाव खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी केंद्राने ती १५ केली. नोंदीत नुसतं ‘नापास’ लिहिलं असेल, तर १३ टक्क्यांचा माल कुठला आणि १७ चा कुठला, हे नंतर शोधता येत नाही. म्हणून ओलाव्याचा आकडा नोंदीत ठेवा. मर्यादा वेगळ्या तक्त्यात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, यासह. पास-नापास हा निकाल दोन्हींवरून काढा, आणि पट्टी करताना कोणता नियम लावला ते पट्टीवर नोंदवा.

आता भांडणाची जागा. वीज गेली, राउटर बंद पडला, आणि एकच नोंद दोघांनी दोन टॅबलेटवर बदलली. ‘ज्या बदलाची वेळ नंतरची तो खरा’ हा नियम सोपा, पण त्यात दहा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाचा टॅबलेट चुकीने जिंकू शकतो. उपाय असा: बदल पाठवताना तो कितव्या आवृत्तीवर केला, ते टॅबलेटने सांगावं. टॅबलेट म्हणतो चौथी, सर्व्हरवर पाचवी आहे; मग बदल अडवून दोन्ही आकडे माणसासमोर ठेवायचे. एकत्र मजकूर लिहायला सीआरडीटी, म्हणजे अनेकांचे बदल आपोआप एकत्र करणाऱ्या माहितीच्या रचना, छान आहेत. वजनाचा वाद त्यांच्यावर सोपवू नये. चूक सुधारताना जुनी नोंद न पुसता दुरुस्तीची नवी घटना जोडा: कोणी, केव्हा, कशामुळे.

राहिला नवा रकाना वाढवण्याचा प्रश्न. समजा, बारदान्याचं वजन आता वेगळं लिहायचं ठरलं. गावातल्या केंद्रावर जुनं ॲप महिनाभर तरी चालू राहणार. ते नोंद उघडतं, अनोळखी रकाना गाळतं आणि उरलेली नोंद परत पाठवतं, बारदाना गायब. म्हणून ॲपने न ओळखलेले रकाने जसेच्या तसे सांभाळून परत करावेत, आणि ही चाचणी नवं रूप बाहेर काढण्याआधी जुन्या ॲपवरच घ्यावी.